ढेकणंवाली

तापातून उठले त्या वर्षी नाक गेलं.
फोडणी जळते ते धुरानं कळतं,
दूध नासतं ते डोळ्यांनी.
म्हणून टोमॅटोत ढेकूण दिसले तेव्हा
अण्णा बोरगुड्यांनी बादली माझ्याच हातात दिली :
"सिंधूताई, हे तुम्हालाच जमंल."
बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून बांधावर.

आता सुकेण्यात कुणी माझं नाव घेत नाही.
पोरंसुद्धा विचारतात, ढेकणंवाली आली का?

बादलीत चार बोटं पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर.
उजाडायच्या आत जायचं.
दवानं जड झालेला असतो तो,
उडायचं मनात असतं, पंखात नसतं.
फांदीखाली बादली धरायची
आणि वरून नुसता हात दाखवायचा.
घाबरला की पाय सोडतो.
भित्रेपणानंच मरतो.

पाठ ढालीसारखी, करंगळीच्या नखाएवढी.
हिरवा असला तर पानाहून जरा जास्तच हिरवा,
करडा असला तर बांबूच्या सालीत हरवलेला.
पिल्लं मात्र निराळीच :
काळी, वर पांढरे-तांबडे ठिपके,
कासाराच्या पेटीतून सांडल्यासारखी.
मी आधी त्यांना दुसऱ्याच कुणाची लेकरं समजले होते.

अंडी पानामागं. इवली इवली पिंपं, झाकणासकट,
एकाला एक लावून.
दिंडोरीकडं द्राक्षं तोडायला गेले होते तेव्हा
वाईनच्या कारखान्यात अशी पाहिली होती,
फक्त तिथली माझ्याहून उंच.

तो फळ खात नाही, पितो.
सुईसारखी सोंड टोचतो नि निघून जातो.
भोकसुद्धा दिसत नाही.
आठ दिवसांनी सालीखाली पिवळट ढग धरतो,
आणि पिंपळगावच्या मार्केटात व्यापारी
क्रेटमधला नेमका तोच उचलून उन्हात फिरवतो.
बोलत काही नाही.
खाली ठेवतो, हात पुसतो.

पहिल्या वर्षी एक चूक झाली माझी.
तपकिरी, खांद्यांवर दोन काटे असलेले,
तेही बुडवले. किती, मोजले नाहीत.
मग एका सकाळी सुतळीवर एक दिसला,
सोंडेच्या टोकाला हिरवी अळी लोंबकळत होती,
माशाला गळ लागावा तशी.
फळं पोखरणारी अळी. तिलाच तो पीत होता.
मी बादली खाली ठेवली
आणि आत बघायचं धाडस झालं नाही.

दोघं एकाच घराण्यातले. तोंड बघून ठरवायचं :
रस पिणाऱ्याची सोंड दोऱ्यासारखी, पोटाशी निजवलेली,
शिकाऱ्याची जाड, आखूड.
तेव्हापासून मी उलट्या छत्रीत पाडते आधी,
एकेकाला तळहातावर उताणं करते,
चष्मा कपाळावरून खाली ओढते.
वेळ लागतो. अण्णा रोजाचे पैसे देताना घड्याळ बघतात.

काळी पडलेली अंडीही मी चिरडत नाही.
त्यात रव्याच्या कणाएवढी गांधीलमाशी वाढत असते,
ढेकणाच्या घरात बिनभाड्याची.

अण्णांचा मयूर म्हणतो,
"मावशे, एक पंप मारला की सगळं संपतं."
संपतं की. सगळंच तर संपतं.

संध्याकाळी हात तीनदा धुऊन ताटावर बसते,
तरी घरधनी पाट मागं सरकवतात.
कसा येतो हो वास, विचारलं तर
ते म्हणतात, घास घेताना नको.
मंदा गायधनी म्हणते, पावसात भिजलेल्या पितळेसारखा.
नात पूर्वा हाताशी नाक आणून म्हणाली,
"कोथिंबिरीसारखा गं आजी. रागावलेल्या."

बुधवारी पाच रुपयांची जुडी आणली मुद्दाम.
मूठभर पानं चुरगाळली, खोल श्वास घेतला.
मग काड्यापेटीत जपून ठेवलेला एक हिरवा
बोटांत दाबला, तोही नाकाशी धरला.

दोन्ही अगदी सारखे.
पोरगी खोटं बोलत नाही.